स्वतःचं बुद्धिबळ इंजिन लिहा, इतिहासाच्याच क्रमाने: शॅननपासून एनएनयूईपर्यंत

बुद्धिबळाचं इंजिन लिहायला बसलेले बरेच जण पहिल्याच दिवशी स्टॉकफिश या प्रसिद्ध खुल्या इंजिनाचा कोड उघडतात आणि तिथेच अडकतात. त्या कोडमध्ये सत्तर वर्षांचे थर एकावर एक बसले आहेत. प्रत्येक थर त्याआधीच्या थराची एखादी नेमकी अडचण सोडवायला आला. ती अडचण स्वतःच्या पटावर बघितली नसेल, तर नुसत्या ओळी वाचून काही हाती लागत नाही. म्हणून इथे रस्ता उलटा धरला आहे. १९५० पासून ज्या क्रमाने कल्पना आल्या, साधारण त्याच क्रमाने त्या आपल्या इंजिनात घालायच्या. प्रत्येक टप्प्यावर खेळू शकणारं इंजिन हातात असतं आणि पुढचा टप्पा कशासाठी आहे, हे हरलेले डावच सांगतात.

भाषा सी, सी++ किंवा रस्ट घ्या; जावा किंवा सी शार्पही चालेल. पायथनमध्ये कल्पना शिकता येतात, पण वेग इतका पडतो की पुढच्या चाचण्यांना दिवसच्या दिवस लागतात. पटाचं चित्र, सोंगट्या ओढणं वगैरे स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. क्यूट चेस किंवा अरीनासारखा तयार पट फुकट मिळतो. गिट मात्र पहिल्या दिवसापासून वापरा, कारण जुन्या आवृत्तीशी नव्या आवृत्तीचे डाव लावणं हाच पुढे या कामाचा कणा होणार आहे.

पट आणि चाली

१९५६ मध्ये लॉस अलामॉसमध्ये मॅनिअॅक-१ या संगणकावर जो खेळ बसवला, त्याचा पट ६ × ६ चा होता आणि त्यात उंटच नव्हते. यंत्राची ताकद तेवढीच होती. आज तशी काटकसर नको, पण साधेपणा तेवढाच हवा. पहिल्या इंजिनासाठी ६४ बिटांचे बिटबोर्ड (दर घराला एक बिट) घेऊ नका, १२० घरांचा साधा अॅरे घ्या: १० स्तंभ, १२ ओळी. मधली ८ × ८ घरं खरी, भोवतालची सगळी 'पटाबाहेर' म्हणून खूण केलेली. वर-खाली दोन-दोन जादा ओळी लागतात, कारण घोडा दोन घरं उडतो. बाजूला एकेकच स्तंभ पुरतो, कारण उजवीकडे दोन घरं बाहेर गेलेला घोडा पुढच्या ओळीच्या डाव्या जादा स्तंभात जाऊन पडतो आणि तिथेही 'पटाबाहेर' हीच खूण असते.

घोड्याच्या उड्या ±८, ±१२, ±१९, ±२१. राजा आणि वजिराच्या दिशा ±१, ±९, ±१०, ±११. हत्ती-उंट त्यातल्याच निम्म्या-निम्म्या घेतात. हत्ती, उंट, वजीर यांना अडथळा येईपर्यंत सरकवत न्यायचं. सुरुवातीला राजा शहात राहतो का, हे चाल तयार करताना बघू नका. चाल खेळा, राजावर मारा आहे का ते तपासा, असेल तर चाल मागे घ्या. थोडं हळू चालतं, पण चुका निम्म्याने कमी होतात.

चाल मागे घेण्यासाठी दर चालीला पाच गोष्टी बाजूला साठवाव्या लागतात: मारलेली सोंगटी, कॅसलिंगचे चार हक्क, एन पासाँचं घर, पन्नास चालींचा मोजणीअंक आणि पुढे येणारी हॅशची किल्ली. यातल्या पहिल्या चार उलट हिशेब करून परत मिळवता येत नाहीत; किल्ली मिळवता येते, पण साठवणं सोपं.

चुका बहुतेक ठरलेल्या जागी होतात. कोपऱ्यातला हत्ती मारला गेला, तरी त्या बाजूचा कॅसलिंगचा हक्क काढायचा राहून जातो. मग हत्ती नसतानाही राजा कॅसलिंग करतो. वजिराच्या बाजूच्या कॅसलिंगमध्ये बी१ वर मारा असला तरी चालतं. फक्त राजा ज्या घरांवरून जातो ती ई१, डी१, सी१ सुरक्षित हवीत. बी१ रिकामं असलं की पुरे. आणि प्यादं शेवटच्या ओळीत गेलं की चार चाली तयार व्हायला हव्यात. फक्त वजीर करून भागत नाही.

परफ्ट: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

परफ्ट म्हणजे एका स्थितीपासून ठरावीक खोलीपर्यंतच्या सगळ्या नियमबद्ध चाली मोजणं. खोली म्हणजे किती अर्ध-चाली (एका बाजूची एक चाल) पुढे बघायचं ते. सुरुवातीच्या स्थितीचे आकडे असे आहेत: खोली १ ला २०, २ ला ४००, ३ ला ८,९०२, ४ ला १,९७,२८१, ५ ला ४८,६५,६०९ आणि ६ ला ११,९०,६०,३२४. एकाचाही फरक पडला, तर कुठेतरी नियम चुकला आहे.

सुरुवातीची स्थिती मात्र सोपी असते. तिथे कॅसलिंग आणि बढती फार उशिरा येतात. 'किवीपीट' या नावाने प्रसिद्ध असलेली चाचणीची स्थिती शोधून घ्या. तिचे आकडे ४८, २,०३९, ९७,८६२, ४०,८५,६०३. कॅसलिंगचे बहुतेक बग ती दुसऱ्या-तिसऱ्या खोलीतच उघडे पाडते.

एन पासाँसाठी आणखी एक स्थिती पटावर मांडून बघाच. पांढरा राजा ए५, हत्ती बी४, प्यादी बी५, ई२, जी२. काळा राजा एच४, हत्ती एच५, प्यादी सी७, डी६, एफ४. पांढऱ्याची चाल. खोली १ ला १४, २ ला १९१, ३ ला २,८१२, ४ ला ४३,२३८. तुमच्या प्रोग्रॅमने दुसऱ्या खोलीला १९३ दाखवले, तर कुठल्या दोन चाली जादा आल्या ते असं बघा. पांढऱ्याने ई४ खेळलं. आता काळं एफ४ चं प्यादं ई३ वर एन पासाँ मारायला जातं. त्या एका चालीत चौथ्या ओळीतली दोन प्यादी एकदम उचलली जातात आणि बी४ च्या हत्तीचा शह थेट एच४ च्या राजावर येतो, म्हणून ती चाल नियमबाह्य आहे. पांढऱ्याच्या जी४ नंतर जी३ वर मारणं, ही दुसरी. 'खिळलेली सोंगटी' आधीच शोधून ठेवणारा कोड प्रत्येक प्यादं एकेकटं तपासतो. दोन प्यादी एकदम निघतात हे त्याच्या हिशेबात नसतं. चाल खेळून मग राजा तपासला, तर ही चूक होत नाही.

आकडा चुकला की पहिल्या खोलीच्या प्रत्येक चालीखालची बेरीज वेगळी छापा आणि तीच यादी स्टॉकफिशकडून परफ्टची आज्ञा देऊन घ्या. ज्या चालीचा आकडा जुळत नाही ती खेळा, खोली एकाने कमी करा, पुन्हा तेच. चार-पाच फेऱ्यांत नेमकी चूक सापडते. सी++ मध्ये खोली ५ एक-दोन सेकंदांत यायला हवी.

मूल्यमापन आणि शोध

क्लॉड शॅनन यांचा १९५० चा लेख आजही पाया आहे. त्यांनी वजीर ९, हत्ती ५, उंट ३, घोडा ३, प्यादं १ असे गुण धरले. एकावर एक आलेल्या, एकट्या पडलेल्या आणि मागे राहिलेल्या प्याद्यांना प्रत्येकी अर्धा गुण कमी केला. आणि प्रत्येक उपलब्ध चालीला ०.१ गुण दिला. आपण अपूर्णांक टाळू आणि शतांश प्याद्यात मोजू: प्यादं १००, घोडा ३२०, उंट ३३०, हत्ती ५००, वजीर ९००. त्यावर प्रत्येक सोंगटीसाठी ६४ घरांचा एक तक्ता घ्या. घोडा मध्यभागी +२०, कोपऱ्यात −५०, अशा बेताने. राजाला दोन तक्ते लागतात, मध्यडावाचा आणि अंतिम डावाचा, कारण वजीर गेल्यावर राजाने बाहेर यायचं असतं. एवढ्यावर इंजिन शहाण्यासारखं खेळायला लागतं. त्यामुळे मूल्यमापन सजवत बसण्याचा मोह तूर्त आवरा.

एक चाचणी लगेच लिहा: स्थिती आरशात धरल्यासारखी उलटी करा, रंग बदला आणि मूल्यमापन तेच येतं का ते शंभर-दोनशे स्थितींवर बघा. काळ्याचे तक्ते उलटवायला विसरणं ही फार वेळा होणारी चूक आहे, आणि डाव बघून ती कळतही नाही. इंजिन फक्त काळ्याने जरा वाईट खेळतं.

शोधाचा सांगाडा असा (अल्फा म्हणजे आपल्याला आधीच मिळालेले किमान गुण, बीटा म्हणजे प्रतिस्पर्धी देईल ते कमाल; गुण बीटाला पोचले की उरलेल्या चाली बघायच्याच नाहीत, हीच छाटणी):

शोध(खोली, अल्फा, बीटा):
 खोली ० असेल तर शांतशोध(अल्फा, बीटा) परत दे
 प्रत्येक चालीसाठी:
  चाल खेळ
  आपला राजा शहात राहिला तर चाल मागे घे, पुढची बघ
  गुण = −शोध(खोली−१, −बीटा, −अल्फा)
  चाल मागे घे
  गुण ≥ बीटा असेल तर बीटा परत दे
  गुण > अल्फा असेल तर अल्फा = गुण
 एकही नियमबद्ध चाल नसेल तर: शह असल्यास −३०००० + मुळापासूनच्या चाली, नसल्यास ०
 अल्फा परत दे

मात झालेल्या ओळीत मुळापासूनच्या (शोध सुरू झाला त्या स्थितीपासूनच्या) चालींची संख्या मिळवायचीच. ती नसेल, तर दोन चालींतली मात आणि दहा चालींतली मात इंजिनाला सारखीच वाटते. मग जिंकलेल्या डावात ते मात पुढे ढकलत राहतं.

अल्फा-बीटाने काय वाचतं ते आकड्यात बघा. एका स्थितीत साधारण ३५ चाली असतात. सहा खोलींपर्यंत सगळं मोजलं तर १८३ कोटींहून जास्त शेवटच्या स्थिती होतात. चाली सर्वोत्तम क्रमाने लावल्या, तर अल्फा-बीटाला त्यातल्या ८५,७४९ पुरतात. आणि उत्तर तेच येतं. हे 'तेच' तपासून बघा: छाटणी बंद ठेवून आणि चालू ठेवून, खोली ४ ला, वीस स्थितींवर. एका गुणाचाही फरक आला, तर चिन्ह कुठेतरी उलटं पडलं आहे.

शांतशोध (मारामारी संपेपर्यंत पुढे बघणं) सोडून दिला, तर इंजिन हास्यास्पद वाटाव्या अशा चुका करतं. शेवटच्या खोलीवर वजिराने प्यादं मारलं आणि मोजणी थांबली की इंजिनाला एक प्यादं मिळाल्याचं दिसतं. पुढच्या चालीत वजीर जाणार, हे दिसत नाही. 'धामधूम चालू असताना मोजू नये' हे शॅननलाही ठाऊक होतं आणि ट्युरिंगलाही. ट्युरिंगने आपला प्रोग्रॅम १९५२ मध्ये अॅलिक ग्लेनीविरुद्ध कागदावर हिशेब करून खेळवला, २९ चालींत तो हरला, पण मारामारी संपेपर्यंत पुढे बघायचं हा नियम त्यातही होता. शांतशोधात आधी स्थितीचं आहे तसं मूल्य घ्या. ते बीटापेक्षा जास्त असेल तर तिथेच परता. नाहीतर फक्त मारण्याच्या चाली बघत जा. राजा शहात असेल, तेव्हा मात्र 'आहे तसं मूल्य' घेऊ नका. शहातून सुटण्याच्या सगळ्या चाली बघा.

यूसीआय: इथे क्रम एकदाच मोडायचा

इंजिन आणि पट यांच्यातली यूसीआय ही बोली २००० मध्ये रुडॉल्फ ह्युबर आणि श्टेफान मायर-काह्लेन यांनी बनवली. ती आत्ताच घाला, म्हणजे इंजिन खेळायला लागेल. 'यूसीआय' आलं की नाव सांगून 'यूसीआयओके' म्हणायचं. 'इजरेडी' ला 'रेडीओके'. 'पोझिशन' मध्ये सुरुवातीची स्थिती आणि आजवरच्या चाली येतात. 'गो' आलं की विचार करून 'बेस्टमूव्ह'. या आज्ञा अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत असतात.

पट इंजिनाला ओळखतच नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. कारण जवळपास नेहमी एकच निघतं: छापलेली ओळ बफरमध्ये अडकलेली असते. प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा. अनोळखी आज्ञा आली तर गप्प पुढे जा, बंद पडू नका. कॅसलिंग राजाच्या दोन घरांनी लिहितात, ई१ ते जी१. 'स्टॉप' विचार चालू असताना येतं, म्हणून शोध वेगळ्या थ्रेडवर चालवा.

चाली निवडायच्या की सगळ्या बघायच्या

१९५०-६० च्या दशकांत संगणक इतके हळू होते की सगळ्या चाली बघणं परवडत नव्हतं. अॅलेक्स बर्नस्टाइनचा आयबीएम ७०४ वरचा प्रोग्रॅम प्रत्येक स्थितीत फक्त सात 'बऱ्या वाटणाऱ्या' चाली बघायचा. आठवी चाल डाव वाचवणारी असेल, तर ती कायमची हुकायची. १९७३ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्लेट आणि अॅटकिन यांनी चेस ४.० मध्ये हा नाद सोडला आणि सगळ्या चाली बघायला सुरुवात केली. पुढची वर्षं त्याच वाटेने गेली.

हातात काय घ्यायचं, तर हे: 'ही चाल वाईट दिसते' म्हणून ती सरळ फेकून देणारा कोड लिहू नका. आधी मागे ढकला, मग कमी खोलीने बघा, आणि संशय आला की पूर्ण खोलीने परत बघा. पुढची सगळी छाटणी याच शिस्तीने चालते.

खोली एकेक वाढवणं, हॅश टेबल, क्रम

खोली १ चा शोध पूर्ण करा, मग २ चा, मग ३ चा, वेळ संपेपर्यंत. पुन्हा पुन्हा तेच काम होतंय असं वाटतं, पण आधीच्या फेरीतली सर्वोत्तम चाल पुढच्या फेरीत पहिली बघितली जाते आणि त्यात वेळ उलट वाचतो. एका चालीसाठी उरलेल्या वेळाचा तिसावा भाग अधिक इन्क्रिमेंटचा अर्धा, एवढं गणित सुरुवातीला पुरतं. ५० मिलीसेकंद राखून ठेवा. घड्याळ दर २,०४८ नोडला (बघितलेल्या स्थितींना) बघा, प्रत्येक नोडला बघितलं तर वेग पडतो. वेळ संपून अर्धवट राहिलेल्या फेरीचे गुण वापरू नका.

बघून झालेल्या स्थितींचे निकाल साठवणारं हॅश टेबल, म्हणजेच ट्रान्सपोझिशन टेबल, रिचर्ड ग्रीनब्लाटच्या मॅक हॅक या प्रोग्रॅममध्ये १९६७ च्या सुमारासच होतं. किल्लीची पद्धत १९७० मध्ये अल्बर्ट झोब्रिस्टने मांडली. १२ प्रकारच्या सोंगट्या × ६४ घरं म्हणजे ७६८, चाल कुणाची यासाठी १, कॅसलिंगचे ४, एन पासाँच्या स्तंभांचे ८, असे एकूण ७८१ यादृच्छिक ६४-बिट आकडे एकदाच तयार करायचे. स्थितीची किल्ली म्हणजे लागू आकड्यांचा एक्सॉर. सोंगटी हलली की जुन्या घराचा आकडा एक्सॉर करून काढा, नव्याचा घाला. डीबगमध्ये दर चालीनंतर किल्ली शून्यापासून मोजून जुळवून बघा. एन पासाँचा आकडा तिथे खरंच मारणारं प्यादं असेल तरच घाला, नाहीतर एकच स्थिती दोन वेगळ्या किल्ल्यांखाली जाते.

एका नोंदीत किल्ली, चाल, खोली, गुण आणि गुणाचा प्रकार (नेमका, किमान की कमाल) ठेवायचा. १६ बाइटांची नोंद धरली, तर ६४ एमबीत ४१,९४,३०४ नोंदी बसतात. हा आकडा दोनाचा घात आहे, म्हणून जागा शोधायला भागाकार लागत नाही, एक 'अँड' पुरतो.

इथली एक चूक फार छळते. इंजिन 'तीन चालींत मात' म्हणतं, दुसऱ्या चालीलाही 'तीन चालींत मात' म्हणतं, आणि मात करतच नाही. टेबलात मात झाल्याचा गुण मुळापासून मोजून ठेवला की असं होतं. आपण मात करत असू तर नोंदवताना त्यात मुळापासूनच्या चाली मिळवा आणि वाचताना आत्ताच्या चाली वजा करा (आपल्यावर मात होत असेल तर उलट), म्हणजे तो त्या स्थितीपासूनचा होतो. तितकीच मोठी दुसरी चूक म्हणजे आधी खेळल्या गेलेल्या चालींच्या किल्ल्या न ठेवणं. मग वजीर जास्त असतानाही इंजिन तीच स्थिती तीनदा आणतं आणि बरोबरी पदरात घेतं. 'पोझिशन' आज्ञेतली प्रत्येक चाल खेळताना किल्ली यादीत घाला. शोधात स्थिती एकदा जरी पुन्हा आली, तरी ० द्या.

क्रम असा लावा: टेबलातली चाल, मग मारण्याच्या चाली, सर्वांत मोठी सोंगटी सर्वांत लहान सोंगटीने मारणारी आधी, मग त्याच पातळीवर आधी छाटणी करून गेलेल्या दोन 'किलर' चाली, मग बाकीच्या, ज्यांनी आजवर जास्त छाटण्या केल्या त्या आधी. जिथे बीटाची छाटणी होते, त्यातल्या किती ठिकाणी ती पहिल्याच चालीला होते, हे मोजून छापा. ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर क्रम ठीक. ७० असेल, तर पुढे जाऊ नका. क्रमातच काहीतरी बिघडलं आहे.

नल मूव्ह आणि उशिराच्या चालींची कपात

१९८० च्या दशकात सगळी चढाओढ वेगाची होती. बेल लॅब्जमधलं केन थॉम्पसन आणि जो कॉन्डनचं 'बेल' खास बनवलेल्या सर्किटवर सेकंदाला सुमारे १,६०,००० स्थिती बघायचं आणि १९८३ मध्ये त्याला अमेरिकेत मास्टरचा दर्जा मिळाला. या वाटेचं टोक म्हणजे डीप ब्लू: ४८० खास चिप, सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती, आणि मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला कास्पारोव्हवर ३½–२½ असा विजय. घरी बसून ती वाट धरता येत नाही. घरच्या पीसीवर इंजिनांना बळ दिलं ते छाटणीने.

नल मूव्ह म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एक चाल फुकट देऊन बघायचं. तरीही गुण बीटाच्या वर राहत असतील, तर स्थिती इतकी चांगली आहे की पुढे बघायची गरज नाही. खोली ३ ने कमी करा. तीन अटी पाळा: शहात असताना नाही, लागोपाठ दोनदा नाही, आणि आपल्याकडे फक्त राजा-प्यादी उरली असतील तर नाही. तिसरी अट का, ते पटावर मांडून बघा. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७, काळ्याची चाल. खरं तर काळा हरतो, कारण त्याला हलावंच लागतं. पण 'पास' म्हणता आलं असतं, तर डाव बरोबरीत जातो. नल मूव्ह काळ्याला नेमकं हेच खोटं सांगते.

उशिराच्या चालींची कपात अशी: क्रम नीट लागलेला असेल, तर पहिल्या तीन-चार चाली पूर्ण खोलीने बघा, त्यापुढच्या शांत चाली एक खोली कमी करून. गुण अल्फाच्या वर आले, तर तीच चाल पूर्ण खोलीने परत. मारणाऱ्या चाली, बढती आणि शहातून सुटण्याच्या चाली कापू नका. २००५ मध्ये फाबियाँ लेतुझे यांनी फ्रुट २.१ चा कोड खुला केला. तो लहान आणि स्वच्छ आहे. स्टॉकफिशआधी तो वाचा.

मोजल्याशिवाय काही ठेवू नका

शंभर डाव लावले, ५५ टक्के गुण मिळाले, म्हणून बदल ठेवला: अशाने इंजिन हळूहळू कमकुवत होतं. ५५ टक्के म्हणजे सुमारे ३५ एलो (खेळाची ताकद मोजायचे गुण), पण शंभर डावांत चुकीचा पल्लाच दोन्ही बाजूंना ५०-६० एलोचा असतो. हजार डावांत तो १८-२० वर येतो. स्टॉकफिश २००८ मध्ये ग्लाउरुंग या इंजिनातून निघालं. त्याची मोठी झेप २०१३ मध्ये फिशटेस्ट आल्यावर दिसली, जेव्हा प्रत्येक बदल स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डावांत तपासला जाऊ लागला.

घरी हेच करायला फास्टचेस किंवा क्यूटचेसची कमांड-लाइन आवृत्ती घ्या. वेळ ८ सेकंद अधिक दर चालीला ०.०८. वेगवेगळ्या सुरुवातींची फाइल, प्रत्येक सुरुवात दोनदा, रंग बदलून. एकावेळी चालणारे डाव खऱ्या कोअरपेक्षा एक कमी. जास्त लावले तर इंजिनं घड्याळावर हरतात आणि निकालाला अर्थ राहत नाही. चाचणी एसपीआरटी (पुरेसा पुरावा जमला की थांबणारी सांख्यिकी चाचणी): शून्य गृहीतक ० एलो, दुसरं ५, चुकीची शक्यता दोन्हीकडे ०.०५. एलएलआर (जमलेल्या पुराव्याचा आकडा) +२.९४ ला पोचला तर बदल ठेवा, −२.९४ ला पोचला तर फेका. मध्येच 'छान चाललंय' म्हणून थांबवू नका. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकत्र घातले आणि एक चांगला, एक वाईट निघाला, तर दोन्ही हातचे जातात.

एनएनयूई

डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरोने स्टॉकफिशविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. सेकंदाला ८० हजार स्थिती विरुद्ध ७ कोटी. मोठं न्यूरल नेटवर्क घेऊन त्या रस्त्याने जायचं, तर चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर वीज लागते. आपल्यासारख्यांचा रस्ता दुसरा आहे. २०१८ मध्ये यू नासू यांनी जपानी शोगीसाठी एनएनयूई मांडलं: साध्या प्रोसेसरवर, अल्फा-बीटाच्या आत चालणारं लहान नेटवर्क. स्टॉकफिशने ते सप्टेंबर २०२० मध्ये १२ व्या आवृत्तीत घेतलं.

सुरुवातीची मांडणी: ७६८ इनपुट, मधल्या थरात २५६, तो दोन्ही बाजूंच्या नजरेतून एकेकदा, मग एक आउटपुट. एकूण १,९७,३७७ आकडे. यातली खरी युक्ती अशी की पहिला थर दर वेळी मोजायचा नसतो. साध्या चालीत एक इनपुट बंद, एक चालू. मारण्याच्या चालीत दोन बंद, एक चालू. कॅसलिंगमध्ये दोन बंद, दोन चालू. तेवढीच वजाबाकी-बेरीज करायची.

माहितीसाठी आपल्याच इंजिनाचे आपल्याशीच डाव लावा: पहिल्या आठ अर्ध-चाली यादृच्छिक, मग दर चालीला ५,००० नोड. शह असलेल्या आणि सर्वोत्तम चाल मारण्याची असलेल्या स्थिती वगळा, कारण त्या शांतशोधाने सोडवायच्या आहेत. लाखांत नाही, कोटींत स्थिती लागतात. चांगल्या चार-कोअर यंत्रालाही त्यासाठी बरेच दिवस द्यावे लागतात. ट्रेनर म्हणून 'बुलेट' बऱ्याच जणांच्या वापरात आहे.

प्रशिक्षणानंतर आकडे पूर्णांकात आणायचे: पहिला थर × २५५, दुसरा × ६४, शेवटी २५५ × ६४ ने भागून ४०० ने गुणायचं. प्रशिक्षणातच वजनं ±१.९८ च्या आत बांधा. म्हणजे एक वजन जास्तीत जास्त ५०५ होतं आणि ३२ सोंगट्यांची बेरीज १६,१६० च्या आसपास राहते, १६ बिटांच्या ३२,७६७ मध्ये ती सहज मावते. हे बांधलं नाही, तर एखाद्या गर्दीच्या स्थितीत बेरीज उलटते आणि जिंकलेला डाव इंजिनाला हरलेला दिसतो.

नेटवर्क घातल्यावर इंजिन आधीपेक्षा वाईट खेळत असेल, तर ट्रेनिंगला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा. काळ्याच्या नजरेसाठी घराचा ० ते ६३ मधला क्रमांक ५६ शी एक्सॉर केला का, आणि रंगांची अदलाबदल केली का. आणि चालीगणिक बदलत आलेला थर शून्यापासून मोजलेल्या थराशी बिट न् बिट जुळतो का. परफ्ट चालवता चालवताच हे तपासता येतं.

अंतिम डावाचे तक्ते

हे सर्वांत शेवटी. रोनाल्ड द मान यांचे सिझिजी तक्ते घ्या. पाच सोंगट्यांपर्यंतचे सुमारे १ जीबी, सहापर्यंतचे सुमारे १५० जीबी. पाचचे पुरेत, आणि एसएसडीवरच ठेवा. फिरत्या डिस्कवर ठेवले तर शोध जागोजागी थबकतो. फायली दोन प्रकारच्या असतात: एकीत फक्त जिंकणार, बरोबरी की हरणार, दुसरीत पुढची मारामारी किंवा प्याद्याची चाल किती चालींवर आहे ते. शोधाच्या आत पहिली वापरा. मुळाशी दुसरी हवीच. ती नसेल, तर जिंकलेल्या स्थितीतल्या सगळ्या जिंकणाऱ्या चाली इंजिनाला एकसारख्या दिसतात, ते हत्ती इकडून तिकडे फिरवत राहतं आणि पन्नास चालींचा नियम लागून डाव बरोबरीत सुटतो.